सेकोंदोची बाटली

मधुमतीची बाटली गेली हे मला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी त्या बाटलीतला थोडा भाग माझ्याच पोटात होता.

साल दोन हजार पाच, सप्टेंबर महिना. वेम्बलीतल्या एका हॉलमध्ये आमच्या मंडळाचं कोकणी जेवण होतं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेवटी सोलकढी. त्या दिवशी सोलकढी सगळ्यांनी पुन्हा पुन्हा मागितली. रंग जरा जांभळट होता, पण वास असा की पेला तोंडाशी नेला की आधी डोळे मिटावेसे वाटत. मी पहिला पेला प्यायलो आणि मला एकदम इटलीतली एक टेकडी दिसली. दुसरा प्यायलो तर टेकडीवर माझी बायको मधुमती दिसली, चपला काढून बसलेली. ती फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून मला ती सुपरमार्केटात कोथिंबिरीच्या जुडीपाशीसुद्धा दिसायची. सोलकढीत दिसली याचं मला नवल वाटलं नाही.

शेजारी मंडळाचे अध्यक्ष ज्ञानेश्वरराव बसले होते. या गृहस्थांचा जन्म या देशात नोकरी करण्यात गेला, पण ख्रिसमसच्या केकमध्ये ब्रँडी असते म्हणून त्यांनी ऑफिसातला केक कधी तोंडात घातला नाही. कफ सिरपसुद्धा ते आधी वाचतात आणि मग खोकतच राहतात. त्यांनी चौथा पेला संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "रघुवीरराव, याला म्हणतात सात्त्विक पेय. पोटात गेलं की मन कसं शांत होतं."

तेवढ्यात अर्चनावहिनी आल्या. मधुमतीची मंडळातली सगळ्यात जवळची मैत्रीण. स्वयंपाकाचं खातं त्यांच्याकडे.

"भाऊजी, ही तुमची बाटली. धुऊन-पुसून आणलीये. आगळ फर्स्ट क्लास हं! जरा आंबलं होतं, पण म्हटलं जुनं आहे, मुरलं असेल. मीठ मात्र घालायला विसरल्या होत्या मधुमतीताई. ते मी घातलं."

मी बाटली हातात घेतली. हिरवी, जाड काचेची, मान किंचित वाकडी. आत तळाशी काहीतरी पांढरं चिकटलेलं होतं.

"हे काय आहे?"

"साखर. रिकामी कशी द्यायची परत? ताईंनी माझा एक तरी डबा रिकामा पाठवला होता का कधी?"

"आणि हिचं बूच?"

"अगं बाई, बूच काय घट्ट होतं! शेवटी ज्ञानेश्वररावांनी दातांनी उपसलं."

मी ज्ञानेश्वररावांकडे पाहिलं. ते पाचवा पेला मागत होते.

झालं होतं ते असं. मधुमतीचा भाऊ वेंगुर्ल्याहून दरवर्षी कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला रस, पाठवतो, आणि हाताला लागेल त्या बाटलीत भरून पाठवतो. रमची बाटली, व्हिस्कीची बाटली, एकदा तर शाम्पूची. त्यामुळे आमच्या घरात बाटली बघून आत काय आहे ते कधीच ओळखता येत नाही. मधुमती सगळ्या बाटल्या एकाच जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून खालच्या कपाटात ठेवायची. आदल्या दिवशी अर्चनावहिनी आगळ न्यायला आल्या तेव्हा ओव्हलवर अ‍ॅशेसची शेवटची टेस्ट चालू होती. मी खुर्चीतूनच म्हणालो, खालच्या कपाटात गुंडाळलेल्या आहेत त्या न्या. गुंडाळलेल्या दोन होत्या. एकीत आगळ होतं. दुसरीत इटलीची वाइन होती.

शंभरेक माणसांना, त्यात ज्ञानेश्वररावांना, आपण वाइन पाजली हे भर हॉलमध्ये सांगण्याइतका मी धीट नाही. मी बाटली कोटात घातली आणि बसने घरी आलो.

आता ती टेकडी.

त्याच्या दोन वर्षं आधी आम्ही कोचच्या स्वस्त टूरने इटलीला गेलो होतो. कायद्याप्रमाणे ड्रायव्हरला विश्रांती द्यावी लागते, आणि त्याची विश्रांती आली नेमकी कास्तान्योले मोनफेर्रातो नावाच्या गावापाशी. बाकीची मंडळी कॉफी प्यायला गेली. मधुमती म्हणाली, "बसून बसून गुडघे धरलेत. चला, वर चढू." गुडघे दुखतात म्हणून टेकडी चढणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

टेकड्या काही फार उंच नव्हेत. गोल गोल, एकीमागे एक. बऱ्याच जणींच्या माथ्यावर एक गाव आणि गावात एक घंटेचा मनोरा. उतारावर द्राक्षांच्या रांगा, पानं नुकती पिवळी व्हायला लागलेली. माती पांढरट. लांबवर ढग दिसत होते, आणि नीट पाहिलं तर ते ढग नव्हते, बर्फाचे डोंगर होते. एका वळणावर मधुमती थांबली.

"अहो, वेंगुर्ल्याहून मठ गावाला जाताना अस्संच वळण लागतं."

"तिथे माती तांबडी आहे. आणि काजू आहेत."

"ते सोडा हो. वळण तेच आहे."

वळणावर एक फाटक होतं आणि फाटकाआड क्रेटवर बसून एक म्हातारा द्राक्षांतली पानं वेचत होता. हा सेकोंदो. तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. मधुमतीने त्याला मराठीत उत्तर दिलं. इंग्रजांशी इंग्रजी बोलताना तिला आयुष्यभर धाकधूक वाटायची. या माणसाशी बोलायला दोघांकडे एकही भाषा नव्हती, म्हणून तिला मुळीच भीती वाटली नाही. तिने विचारलं, "गुडघे दुखतात का हो तुमचे?" त्याने आपला डावा गुडघा दाखवला. मी टूरच्या पुस्तकात शब्द शोधत होतो, तोवर यांचं बोलणं सांधेदुखीवरून सुनांपर्यंत गेलं असावं. निदान हातवारे तसे होते.

त्याने आतून वाइनचे तीन जाड पेले आणले. मधुमतीने कधी घेतलेली नव्हती. पार्टीत ती लेमोनेड घ्यायची आणि तेही बर्फ काढून. तिने पेला नाकाशी नेला आणि थांबली.

"अहो, हा तर गुलकंद आहे!"

आणि तीर्थ घेतात तसा उजव्या हाताखाली डावा हात धरून तिने घोट घेतला. मग दुसरा. मग पर्समधून दशम्या आणि लिंबाचं तिखट लोणचं काढलं आणि सेकोंदोच्या हातावर लोणच्याची फोड ठेवली. त्याचे कान लाल झाले. डोळ्यांतून पाणी आलं. त्याने आणखी एक फोड मागितली. मधुमती हसून हसून खाली बसली, तिने चपला काढल्या आणि पाय त्या पांढऱ्या मातीत ठेवले.

या वाइनचं नाव रुके. ती फक्त त्या चार-सहा गावांत होते, हे सेकोंदोने जमिनीवर पाय आपटून आणि मग हात झटकून सांगितलं. इथे, इथे, आणि संपलं. निघताना त्याने एका मोठ्या काचेच्या बुधल्यातून नळीने एक बाटली भरून दिली. वाइनचे पैसे घेतले, पण बाटली सोडेना. बाटलीकडे बोट दाखवी, मग स्वतःकडे, मग हात गोल फिरवी. मला वाटलं बाटलीचे पैसे वेगळे मागतोय. मधुमतीला लगेच कळलं.

"त्यांना बाटली परत हवीये हो. आमची आई नाही का, आगळाची बाटली परत आली नाही तर वर्षभर नावं ठेवायची!" मग त्याला म्हणाली, "आणते हं परत. आणि रिकामी नाही आणणार, आगळ भरून आणीन."

सेकोंदो म्हणाला, "सी, सी." म्हणजे हो, हो. त्याने बाटली सोडली.

आमचं ठरलं होतं की दोन हजार पाचच्या डिसेंबरात लग्नाला चाळीस वर्षं होतील तेव्हा बाटली उघडायची, मुलीला बोलवायचं, आणि मग उन्हाळ्यात बाटली परत करायला जायचं. मधुमती फेब्रुवारीत गेली. बाटली कपाटात राहिली.

आमची मुलगी कस्तुरी ब्रिस्टलला असते, विमानाचे पंख डिझाइन करते. इथेच जन्मलेली. ती दर रविवारी फोन करायची आणि फोनच्या शेवटी म्हणायची, "बाबा, डिसेंबरला मी येते हां. आपण आईचा बाटली उघडू. I've booked the leave." तिने बूच काढायचं चांगल्यातलं हत्यारसुद्धा घेतलं होतं. तिला आईकडून मिळायचं राहिलेलं ते एवढंच होतं. तिला मी काय सांगणार? सोलकढी झाली म्हणून?

मी ठरवलं की डिसेंबरच्या आत तीच वाइन मिळवायची, त्याच बाटलीत भरायची, बूच लावायचं, लुगड्यात गुंडाळायचं आणि गप्प बसायचं.

मदतीला कमलाकरला बोलावलं. माझा जुना मित्र. त्याने हॅरोच्या कॉलेजात वाइनचा संध्याकाळचा कोर्स केला आहे आणि तेव्हापासून तो नळाचं पाणीसुद्धा पेल्यात गोल फिरवून पितो. त्याने रिकाम्या बाटलीत नाक घातलं, बराच वेळ श्वास घेतला आणि म्हणाला, "साखर."

"ती अर्चनावहिनींची आहे."

"मग काही सांगता येत नाही."

आम्ही सेंट्रल लंडनमधल्या एका भारी दुकानात गेलो. टाय लावलेल्या तरुणाने विचारलं, काय हवंय. मी म्हणालो, गुलकंदासारखी. त्याने तीन बाटल्या दाखवल्या आणि प्रत्येकीबद्दल इतकं बोलला की मला त्या न पिताच जड झाल्या. रुके हे नाव त्याने ऐकलं नव्हतं. तो कमलाकरला म्हणाला, असा काही प्रकार असल्यास सांगेन. कमलाकर त्याला म्हणाला, मीही सांगेन. दोघे एकमेकांना कार्ड देऊन बसले आणि मी दारात छत्री धरून उभा.

घरी येताना कमलाकरला कल्पना सुचली. "रघुवीर, कस्तुरीने कुठे चाखलीये? कुठलीही बरी रेड घे, ईलिंग रोडवरून गुलाबपाणी आण, दोन थेंब टाक. संपला विषय."

"हे तुझ्या कोर्समध्ये शिकवलं?"

"कोर्स वेगळा, संसार वेगळा."

मला पटलं नव्हतं, पण मी गुलाबपाणी आणलं. दोन थेंब पडायच्या जागी कमलाकरचा हात हलला. त्या दिवशी घराला लग्नाच्या हॉलचा वास सुटला. शेजारचे हरीशभाई कुंपणावरून डोकावून विचारू लागले की कुणाचा साखरपुडा आहे का. आम्ही एक एक घोट घेतला. कमलाकर बेसिनपाशी गेला. मी ते सगळं बागेत गुलाबाच्या मुळाशी ओतलं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या गुलाबाला एकही फूल आलं नाही.

म्हणजे सेकोंदोलाच गाठायला हवं. त्याने बाटलीवर कागद चिकटवून नाव आणि फोन नंबर लिहिला होता, पण तो अर्चनावहिनींनी गरम पाण्यात भिजवून, तारेच्या चोथ्याने घासून स्वच्छ काढला होता. उरला एक फोटो. फाटकापाशी मधुमती उभी, मागे फाटकावर रंगवलेलं नाव आणि फोन नंबर. शेवटचे दोन आकडे तिच्या खांद्याआड.

कमलाकरने भिंग लावून पाहिलं. "तिला जरा बाजूला हो म्हणायला काय झालं होतं तुला?"

"मी फोटो तिचा काढत होतो. फाटकाचा नाही."

त्याने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाला, "दोनच आकडे ना? लावून बघू सगळे."

आम्हा दोघांना इटालियन येत नाही. वेम्बली सेंट्रलजवळ कार्मेलोचा कॅफे आहे. तो सिसिलीचा. त्याचं मत असं की उत्तरेकडची माणसं लोणी खातात, त्यांना वाइनमधलं काय कळणार. पण फोटो पाहिल्यावर त्याने एप्रन काढला आणि माझा फोन हातात घेतला. पुढचे काही दिवस दुपारची गर्दी ओसरली की आम्ही तिघे कोपऱ्यातल्या टेबलावर बसून आस्तीच्या, म्हणजे त्या गावाच्या जिल्ह्यातल्या, लोकांना फोन करायचो. एक टायरवाला निघाला. एक मठातली सिस्टर निघाली, तिने आमच्यासाठी प्रार्थना केली. एक बाई अशी निघाली की कार्मेलो तिच्याशी माझ्या फोनवरून तासभर बोलला. तिचं कंबरेचं ऑपरेशन झालं होतं. मी घड्याळ दाखवलं तर तो फोनवर हात ठेवून म्हणाला, "तीही एकटीच असते हो." दुसऱ्या दिवशी त्याने तिला आधी फोन केला आणि मग आमचं काम सुरू झालं. रविवारी कस्तुरीला मी हे सगळे किस्से सांगायचो, फोन कशासाठी करतो तेवढं सोडून.

अखेर एका दुपारी पलीकडून खणखणीत आवाज आला. कार्मेलो ओरडू लागला, पलीकडचा त्याहून मोठ्याने. कॅफेतली माणसं चहा घेऊन बाहेर जाऊन बसली. मग कार्मेलोने माझ्याकडे पाहून अंगठा वर केला. सेकोंदोला आम्ही आठवत नव्हतो, मी तर अजिबात नाही, पण 'लोणच्याची बाई' म्हटल्याबरोबर तो म्हणे हसत सुटला. कार्मेलोने फोन माझ्या कानाला लावला. "काहीतरी बोला त्याच्याशी!"

सेकोंदो भरभरून बोलत होता. मला त्यातलं 'सिन्योरा', म्हणजे बाई, तेवढं कळत होतं. वाक्याच्या शेवटी आवाज वर गेला आणि तो थांबला.

मी म्हणालो, "सी, सी."

त्याला फार आनंद झाला. त्याने फोन ठेवला.

"तुम्ही सी का म्हणालात?" कार्मेलोने विचारलं. तो इंग्रजीतच बोलतो, पण चेहरा पडला की त्याचं इंग्रजी हळू होतं.

"मला तेवढंच येतं."

"तो विचारत होता, ती लोणच्याची सिन्योरा बाटली घेऊन येणार ना?"

मी म्हणालो, परत लाव फोन. कार्मेलोने एप्रन बांधला. "वाइनचं मी बोललो. हे मी ओरडून सांगणार नाही, सिन्योर. हे तुम्ही सांगायचं. आणि फोनवर नाही."

वाइनचं ठरलं होतं ते असं. सेकोंदोच्या शेजाऱ्याचा लॉरीचा धंदा आहे. त्याच्याकडून हेझलनटची पोती हाउन्सलोजवळच्या एका गोदामात येतात, त्यांच्यासोबत वाइन येईल. मी एकच बाटली मागितली होती. पण सेकोंदो आता परदेशी बाटली पाठवत नाही. पाठवलेली बाटली परत येत नाही हा त्याचा अनुभव आहे, आणि तो अनुभव त्याला आम्हीच दिलेला. म्हणून त्याने बुधला पाठवला.

चोपन्न लिटरचा.

तो डोव्हरला अडकला. कस्टम्सचं पत्र आलं की येऊन खुलासा करा. मी लग्नातला सूट घालून गेलो. टेबलापलीकडे एक तरुण बाई होती, फार सभ्य.

"सर, ही वाइन तुमच्या पर्सनल यूजसाठी आहे?"

"हो."

"चोपन्न लिटर?"

"मला एकच बाटली हवी होती."

"आणि उरलेली?"

"उरलेली तिच्याबरोबर आली."

"तुम्ही पिता किती, साधारण?"

"मी पीत नाही."

तिने पेन खाली ठेवलं. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. टेकडी, आगळ, लुगडं, टेस्ट मॅच. तिने मध्ये मध्ये मान हलवली आणि शेवटी विचारलं, "म्हणजे पहिली बाटली तुम्ही सूपमध्ये घातलीत?"

सोलकढीला सूप म्हटलेलं मला लागलं. आयुष्यभर या देशाचा टॅक्स भरल्यावर माणसाला एवढा मान तरी मिळावा. मी ताठ बसून म्हणालो, "मॅडम, ते सूप नव्हे." ती सॉरी म्हणाली. ड्यूटी भरली आणि बुधला सुटला.

तो घरी आला लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. ड्रायव्हरने, हरीशभाईंनी आणि मी मिळून तो हॉलवेमध्ये आणला आणि तिथेच तो बसला, कारण त्याच्या भोवतालची टोपली स्वयंपाकघराच्या दारापेक्षा रुंद होती. हरीशभाई म्हणाले, दार काढा. मग म्हणाले, चौकट काढा. मग पाणी पिऊन म्हणाले, भिंत तशीही जुनी आहे. मी त्यांना घरी पाठवलं. बुधला खुंट्यांखाली राहिला. वर मधुमतीचा हिवाळ्याचा कोट टांगलेला होता, तो मी काढलेला नव्हता. कमलाकर मागच्या दाराने आत आला आणि दचकला.

"क्षणभर वाटलं वहिनी बसल्यात."

"मलाही."

मग आम्ही कामाला लागलो. कस्तुरीची ट्रेन दुसऱ्या दिवशीची होती. बाटलीतली साखर गरम पाण्यात खळखळून काढली. कमलाकरने त्याच्या फिश टँकची नळी आणली होती. मी म्हणालो, मासे? तो म्हणाला, धुतलीये. नळीचं एक टोक बुधल्यात, दुसरं कमलाकरच्या तोंडात, आणि मी खाली बाटली धरून बसलेलो. कोर्समध्ये चाखून थुंकायला शिकवतात. कमलाकर थुंकला नाही. त्याने ओढली, गिळली, डोळे मिटले, पुन्हा ओढली. तेवढ्यात कुणीतरी बाहेरून किल्लीने दार उघडलं आणि दार बुधल्यावर येऊन आपटलं. कमलाकरच्या तोंडातून नळी सुटली. वाइन माझ्या बाहीत, कार्पेटवर आणि मधुमतीच्या कोटाच्या खिशात.

"बाबा? Door का उघडत नाही?"

कस्तुरी एक दिवस आधी आली होती.

"थांब गं! मागच्या बाजूने ये!"

"का? काय झालं? तू पडलास?"

"नाही! कमलाकरकाका आहेत!"

लेटरबॉक्सची झडप वर झाली. आधी दोन डोळे दिसले. मग डोळे गेले आणि नाक आलं. कार्पेटवर वाइन पसरत होती आणि सगळ्या हॉलवेमध्ये त्या टेकडीचा वास होता.

"बाबा," बाहेरून बारीक आवाज आला, "आईचा गुलकंद सांडला?"

उत्तर कमलाकरने दिलं. तो म्हणाला, "हो बाळा. जरासा."

ती हरीशभाईंच्या बागेतून, कुंपण ओलांडून, मागच्या दाराने आली. तिने बुधला पाहिला, नळी पाहिली, माझी बाही पाहिली. मी सांगायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "मला माहिती आहे, बाबा. अर्चनामावशीने सप्टेंबरमध्येच सांगितलं."

"त्यांना कुठे माहीत होतं?"

"बाटली धुताना तिला smell आला. पण तेव्हा सगळे पीत होते. She panicked. म्हणून साखर घातली."

"म्हणजे मंडळात सगळ्यांना माहीत आहे?"

"ज्ञानेश्वरकाका सोडून. I think."

मी तीन महिने लंडनभर नाक मुठीत धरून फिरत होतो, कस्टम्समध्ये सूट घालून गेलो होतो, आणि सगळ्या मंडळाला माहीत होतं. मी म्हणालो, "मग मला सांगायचं नाहीस?"

"आई गेल्यापासून तू फोनवर फक्त हवामान सांगायचास," कस्तुरी म्हणाली. "मग अचानक नन, टायरवाला, कार्मेलो. मला ऐकायचं होतं पुढे काय होतं."

दुसऱ्या दिवशी तिने आणलेल्या त्या हत्याराने बाटलीचं बूच काढलं. बूच आदल्या दिवशी आम्हीच लावलं होतं, पण तिने ते व्यवस्थित, हळूहळू काढलं. आम्ही स्टीलच्या पेल्यांतून प्यायलो. कस्तुरीने पेला कसा धरला ते मी पाहिलं. उजव्या हाताखाली डावा हात. तिला हे कुणी शिकवलं मला ठाऊक नाही. लिंबाचं लोणचं होतं, मधुमतीच्या हातचं, बरणीच्या तळाशी राहिलेलं. ते आम्ही संपवलं.

पुढचा आठवडाभर मंडळाची माणसं येत होती. प्रत्येकजण आपापली रिकामी बाटली घेऊन. कमलाकर नळीपाशी उभा राहून सगळ्यांना भरून देई आणि प्रत्येकाआधी स्वतः चाखून खात्री करी. अर्चनावहिनींनी कार्पेट घासून काढलं आणि कोटाचा खिसाही. शेवटच्या दिवशी ज्ञानेश्वरराव आले. हातात तांब्या, वर झाकण.

"रघुवीरराव, मी घेत नाही हे आपण जाणताच."

"जाणतो."

"हे पुढच्या सोलकढीसाठी. मंडळाच्या."

मी तांब्या भरून दिला. पुढचं कोकणी जेवण आठ महिन्यांनी होतं.

आता बुधला रिकामा आहे आणि हॉलवेमध्येच आहे. वेंगुर्ल्याहून नवं आगळ आलं ते मी सेकोंदोच्या बाटलीत भरलं आणि वर मोठ्या अक्षरांत 'कोकम' लिहून ठेवलं. बुधला मात्र आगळाने भरेल असं वेंगुर्ल्यात कुणाकडे नाही, म्हणून त्यात मी साखर टाकणार आहे. कार्मेलो आस्तीच्या त्या बाईला भेटायला दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा सेकोंदोने त्याला विचारलं, सिन्योरा कधी येणार. कार्मेलोने दोन्ही वेळा सांगितलं, उन्हाळ्यात.

बाटली परत करायची राहिली आहे. बुधलाही राहिला आहे. मधुमती गेली हे सेकोंदोला सांगायचं राहिलं आहे.